बेचाळीस नंबरची डबी

मित्रांनो, मी एक जुनी, निळ्या झाकणाची प्लास्टिकची डबी आहे. तुमच्या मुठीत मावेन एवढीच. मला अजून तंबाखूचा वास येतो, म्हणून जरा लांबूनच ऐका. खरं तर वासापेक्षा मला माझ्या गोष्टीचीच जास्त लाज वाटते.

माझा जन्म मिरजोळ्याच्या एका कारखान्यात झाला. माझ्या झाकणाला आतून एक इवलासा चमचा आहे. तो कशासाठी, हे कळलं आणि मी खट्टू झाले. माझ्या बहिणींमध्ये मध भरणार, गोळ्या भरणार, आणि मी? मला माणसाची शी तपासणीला न्यायची होती! शीमध्ये डोळ्यांना न दिसणारं रक्त असलं तरी तपासणीत ते कळतं. आतड्याचा कॅन्सर लवकर सापडायची ती एक वाट. एवढं मोठं काम, आणि मी नाक मुरडत बसले.

गेल्या वर्षी शिमग्याच्या तोंडावर गावोगाव आरोग्याचं काम करणारी आशाताई, राजश्री, मला संगमेश्वरजवळच्या एका वाडीत घेऊन आली. पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाला एकेक डबी द्यायची होती. माझ्या बुडाला तिने ४२ लिहिलं आणि मला काशीकाकीच्या हातात ठेवलं. काकीचा मुलगा अनिल मुंबईला कामाला. घरी ती आणि सून तेजस्वी. ओटीवर शेजारचे बापये, म्हणजे पुरुष, बसले होते, म्हणून राजश्रीने माझं काम कानातच सांगितलं.

"असली डबी घरात?" काकी पुटपुटली. "परवा देवाची पालखी यायची हाय गो."

पालखीसाठी अंगण शेणाने सारवून लख्ख केलं होतं. ते शेण चालत होतं. मी मात्र कोरी करकरीत, रिकामी, तरी मला गोठ्याच्या वळचणीला खोचलं.

पालखी आली, नाचली, गेली. मग काकीला माझी आठवण झाली, पण भलत्याच कामासाठी. तिची मशेरीची डबी फुटली होती. मशेरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना लावतात ती. काकीने मला पुसलं आणि मशेरीने गच्च भरलं.

मित्रांनो, माझी खरी लाज इथे आहे. मला आनंद झाला. सुटले एकदाची, असं वाटलं.

भातलावणीच्या दिवसांत मी काकीच्या कनवटीला असायचे. धो धो पावसातसुद्धा माझ्यातली मशेरी भिजायची नाही. बायका मला हातात घेऊन घेऊन बघायच्या, चमच्याचंही कौतुक करायच्या. कुठून आणलीस असं कुणी विचारलं की काकी बिनदिक्कत सांगायची, आमच्या अनिलने मुंबईवरून आणली. मी आपली फुगून बसायचे.

आणि त्याच दिवसांत काकीला परसाकडे रक्त दिसत होतं. ती त्याला मूळव्याध म्हणायची, गुपचूप सुरण उकडून खायची. सुनेला एक शब्द नाही. चार मुठी रोपं लावली की दमून बांधावर बसायची. काशी म्हातारी झाली, असं शेजारणी चिडवायच्या, तर ती हसून घ्यायची. मला सगळं ठाऊक होतं. मला तोंडही होतं, पण ते मशेरीने भरलेलं होतं.

राजश्री मधे दोनदा येऊन गेली. ओटीवर कुणी ना कुणी असायचंच. मग ती हळूच विचारायची, "काकी, ती वस्तू?" काकी देते देते म्हणून विषय बदलायची. लाज दोघींनाही होती.

भातकापणी उरकल्यावर राजश्री पुन्हा आली, तेव्हा ओटीवर कुणी नव्हतं. बोलता बोलता काकीने सवयीने मला काढलं आणि तळहातावर उपडं केलं. माझ्या बुडावरचा आकडा पुसट झाला होता, पण राजश्रीने आपलं अक्षर ओळखलं.

"काकी, ही माझी डबी. शीतलं रक्त तपासायची!"

काकीने मला पदराखाली लपवलं. चहा घेऊन आलेली तेजस्वी दारातच थबकली. सासूच्या उतरलेल्या तोंडाकडे पाहून तिने विचारलं,

"आई, रक्त पडतं का तुम्हाला?"

काकीने मला पदराखालून काढून खाली ठेवलं. "शिमग्यापासून," ती म्हणाली.

रक्त दिसतंय म्हटल्यावर आता डबी नको, थेट डॉक्टरच, असं राजश्रीने बजावलं. दुसऱ्याच दिवशी तेजस्वी सासूला रत्नागिरीला घेऊन गेली. दुर्बिणीने तपासलं तर आतड्यात गाठ. ऑपरेशन झालं, मग अनिलकडे राहून मुंबईला औषधांचे डोस सुरू झाले. गाठ आतड्याच्या बाहेर पसरली होती. आठ महिने आधी आणलं असतं तर कदाचित एवढं सोसावं लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. तेजस्वीने हे घरी सांगितलं तेव्हा मी फळीवर होते, धुतलेली, रिकामी. कुठे तोंड लपवू, असं झालं मला.

यंदाच्या शिमग्याला काकी दोन डोसांच्या मधे घरी आली. खूप वाळली होती. पालखीच्या आदल्या दिवशी राजश्री नव्या डब्या घेऊन ओटीवर बसली. बायका माना खाली घालून उभ्या होत्या. काकीने मला फळीवरून काढलं आणि सगळ्यांच्या मधोमध, बापयांच्याही देखत, ठेवलं.

"ही अनिलने नाय आणली. ही शी तपासायची डबी. मी हिच्यात मशेरी भरली नि आता भोगतेय."

मग शेजारची विमला म्हणाली, "तरीच म्हटलं, मशेरीला चमचा कशाला!" आधी काकीच हसली. मग विमलाने नव्या डबीसाठी हात पुढे केला.

काकीचे डोस अजून संपलेले नाहीत. पुढे काय होईल, मला ठाऊक नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण आली तर तिला दुसरं काम देऊ नका. तिला मिरवायला फार आवडतं. तिचं ऐकू नका. तिच्याकडून तिचंच काम करून घ्या आणि घरातल्या मोठ्यांना मोठ्याने विचारा, "डबी परत दिलीत का?"