सिसेलची चिठ्ठी

मार्चमधला तो उजेड आधी खाडीवर आला, मग समोरच्या कौलांवरून घसरत खाली उतरला, आणि कसलीच घाई नसलेल्या पाहुण्यासारखा स्वयंपाकघराच्या खिडकीशी थबकला. काचेवरच्या गोठलेल्या दवातून झिरपून तो मेजावर पडला तेव्हा ताकासारखा फिका होता. हळूहळू त्याने काळ्या पावाची कड उजळली, लोण्यात उमटलेली सुरीची रेघ उजळली, आणि अखेर तो सिसेलच्या हातांवर येऊन स्थिरावला. रंध्याने खरचटलेले, नखांच्या कडांना डांबर लागलेले अठरा वर्षांचे हात. आज यांतला एक हात पिंपात जाणार होता. तरीही उजेड रोजच्याइतकाच निवांत होता, याचाच आस्गरला संताप आला.

“असा बघू नकोस रे,” त्याची धाकटी बहीण म्हणाली. “फासावर नाही चालले. चिठ्ठी काढायला चाललेय.”

“मुलींना बोलावतातच कशाला?”

“कायदा झालाय म्हणून,” आई सिसेलचा डबा भरता भरता म्हणाली. “समान हक्कांच्या मोर्चात मी स्वतः गेले होते. आता कुठल्या तोंडानं नाही म्हणू?”

“तू हक्क मागितले होतेस, आई. ही सक्ती आहे.”

“पोरांना ती आधीपासून होतीच की.”

आस्गरने कप आपटला. त्याच्यासारख्या अबोल माणसाने कप आपटणे म्हणजे त्या घरात मोठा आरडाओरडा होता. आईने चमकून पाहिले, आणि सांडलेली कॉफी पुसली.

नव्या कायद्याने अठरा पूर्ण झालेल्या मुलींनाही लष्कराच्या छावणीत तपासणीला जावे लागे, आणि धडधाकट ठरल्यास फिरत्या पिंपातून क्रमांकाची चिठ्ठी काढावी लागे. क्रमांक मोठा निघाला तर सुटका, लहान निघाला तर अकरा महिने सैन्यात. बंदरावरच्या होल्गरच्या कारखान्यात लाकडी होड्या बांधायची उमेदवारी सिसेलला जवळजवळ मिळाली होती. दोन उन्हाळे ती तिथे राबली होती. पण करारावर सही करायची वेळ आली तेव्हा म्हातारा म्हणाला, “आधी चिठ्ठी काढून ये, पोरी. होडी अर्धी टाकून जाणारं माणूस मला परवडायचं नाही. दुसरा एक जण वाट बघतोय.”

आस्गरचा राग होल्गरवर होता, कायद्यावर होता, आणि स्वतःच्या कामावरही होता. त्याच छावणीचे कपडे धुणाऱ्या लाँड्रीत तो नोकरीला होता. परक्या मुलांचा घाम आणि चिखल तो रोज यंत्रात ढकलत असे. अलीकडे त्या ढिगात लहान मापाचे सदरे येऊ लागले होते. त्यातला पहिला हाताला लागला तेव्हा त्याने तो एखाद्या शिवीसारखा यंत्रात भिरकावला होता.

छावणीच्या दालनात नातेवाईक मागच्या बाकांवर बसले होते. पिंपाशी गणवेशातली एक बाई उभी होती. तिचे हसू इतके सौजन्याचे होते की आस्गरला ते सहन होईना.

“बाही वर घे. घाल हात खोल,” ती म्हणाली.

“खोल घातला तर मोठा नंबर मिळतो?” सिसेलने विचारले.

“नाही. पण नंतर मनाला चुटपुट राहत नाही.”

रांगेतले सगळे हसले. सिसेलही हसली. मग बाईने चिठ्ठी उलगडून वाचली. “चारशे बारा.” हजारो चिठ्ठ्यांत हा आकडा लहानच होता.

रांगेत कुणीतरी शीळ घातली. “लागली की लॉटरी!”

“तिला नाही यायचं!” आस्गर उभा राहून ओरडला होता. सगळे दालन वळून त्याच्याकडे पाहू लागले. “तिचं काम आहे, तिचं आयुष्य आहे! मुलींना ओढून नेता, लाज नाही वाटत?”

बाईने काहीतरी विचारले. त्याला ऐकू आले नाही. त्याने उजवा कान पुढे केला.

“आपण स्वतः सैन्यात सेवा केलीत का, असं विचारलं.”

“अपात्र,” तो म्हणाला. “डावा कान.”

मागे कुणीतरी फिसकन हसले.

गाडी गावाबाहेर पडली. सिसेलने डबा पायाशी आदळला.

“तुला वकील कुणी नेमलं होतं?”

“मी तुझ्यासाठीच—”

“माझ्यासाठी? पोरांचे चिखलाचे कपडे इतकी वर्षं धुतोयस, कधी चकार शब्द काढलास? तेव्हा सक्ती गोड लागत होती? मी पोरगी म्हणून तुझं रक्त उसळतं होय?”

“मुलींचं वेगळं असतं.”

“काय वेगळं असतं? सांग ना!” तिचा आवाज फाटला. “माझी होडी गेली, आस्गर. मी मुलगी आहे म्हणून नाही गेली. माझ्या मागे उभा होता त्या पोराचंही काहीतरी असंच जाणार असेल. त्याच्यासाठी उठला असतास? जन्मात नाही!”

त्याने गाडी कडेला घेतली. दोन्ही बाजूंना नांगरलेली शेते होती आणि त्यांवर समुद्रपक्षी उतरले होते. सिसेल रडत होती आणि रडू येते म्हणून आणखी चिडत होती. बऱ्याच वेळाने तिने बाहीला नाक पुसले.

“असं कर, बंधुराज,” ती म्हणाली. “तुझा डावा कान मला दे आणि माझा नंबर तू घे. मिटलं सगळं.”

तो हसला. काही वर्षांपूर्वी स्वतःच्या तपासणीहून परतल्यावर, “सुटलो एकदाचा!” म्हणत जसा हसला होता, अगदी तसाच. तेव्हा आईने खूश होऊन केक केला होता, आणि त्याने दोन तुकडे खाल्ले होते.

“हसतोस काय?”

‘दे तुझा नंबर,’ हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले होते. त्यात बहिणीला वाचवण्याचा विचार नव्हता. अन्याय, सक्ती, मुली, हे सकाळपासून जमवलेले शब्द त्याने मनात एकेक करून बाजूला सारले, आणि पुढ्यातल्या काचेकडे पाहत राहिला.

त्याला जायचे होते, आणि त्यांनी त्याला घेतले नव्हते.