अधिष्ठाता बाईंनी गाळलेलं नाव

आदल्या संध्याकाळी योकोनिया चावुला सर तिच्या दाराशी येऊन छत्री झटकत उभे राहिले. आत या म्हटलं तरी आले नाहीत.

"उद्या नव्या कुलगुरूंनी तुम्हा सगळ्या डीन लोकांना बोलावलंय म्हणे."

"हो सर. आधी प्रत्येकानं आपली वाटचाल सांगायची. मग सवलतींचं बघणार."

"वाटचाल सांगताना माझं नाव काढू नकोस, तुसायिवे."

"का?"

"तू उत्तरेची, मी उत्तरेचा. इथं दक्षिणेत, मुलांजे डोंगराच्या पायथ्याशी, आपण दोघं एका ताटात मक्याचं न्सिमा खाल्लं तरी लोक वळून बघतात. आधीच नाव घेतलंस तर म्हणतील, बाई आपल्या गाववाल्यासाठी जमीन नांगरून ठेवतेय. नंतर माझा विषय निघाला की नियमानं बोल."

तुसायिवे मुन्थालीला ते पटलं. दोघांचीही आयुष्यं याच सावधपणात गेली होती.

ती मूळची उत्तरेतल्या करोंगाकडची, पहिलीची शिक्षिका. आंब्याच्या झाडाखाली नव्वद पोरांचा वर्ग सांभाळायची. पुढे या विद्यापीठात शिकायला आली तेव्हा चावुला सरांनी तिला मुलांना अक्षर शिकवताना पाहिलं आणि आपल्या शिक्षणशास्त्र विभागात सहायक म्हणून ठेवून घेतलं. डॉक्टरेटला जायचं ते पाळीपाळीनं, आणि जाणाऱ्याचे तास मागे राहणाऱ्यानं घ्यायचे, ही तिथली रीत. पाळी सरांची होती. पण तिला परदेशातली शिष्यवृत्ती मिळाली आणि ती त्या वर्षी घेतली नसती तर बुडाली असती. "तू जा, मी पुढच्या खेपेला जाईन," सर म्हणाले. चार वर्षं त्यांनी स्वतःचे आणि तिचे, दोघांचेही तास घेतले. ती परतली तोवर विद्यापीठाकडचे पैसे आटले होते. पुढची खेप आलीच नाही. ती विभागप्रमुख झाली, मग सहकाऱ्यांच्या मतांनी अधिष्ठाता. सर होते तिथंच राहिले.

आता नवा नियम आला होता. वर्षाअखेर डॉक्टरेट नसेल त्याला नोकरी नाही आणि विद्यापीठाचं घरही नाही. अधिष्ठात्यानं पटण्याजोगं कारण दिलं तर एखाद्याला सवलत मिळू शकत होती. सरांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

सकाळी चिपेरोनीची, त्या थंड धुकट पावसाची, भुरभुर चालूच होती. बैठकीत चहा आणि गरम मंदासी, तळलेले गोडसर पाव, आले. कुलगुरू काचिंग्वे यांचा आवाज मऊ होता.

"पदव्या मला ठाऊक आहेत," ते म्हणाले. "इथवर कसे आलात ते सांगा. आणि कोणाच्या खांद्यावर उभे आहात तेही. संकोच नको."

शेतीचे अधिष्ठाता लिकोंग्वे चहाच्या मळ्यात जन्मलेले. थोरल्या भावानं शाळा सोडून पानं खुडली म्हणून आपण शिकलो, असं त्यांनी सांगितलं. विज्ञानवाले प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागले होते. "अजूनही धुतो, आमचे मदतनीस धुवत नाहीत म्हणून," असं ते म्हणाले आणि सगळे हसले.

तुसायिवेची पाळी आली. तिनं आंब्याचं झाड सांगितलं, नव्वद पोरं सांगितली, शिष्यवृत्ती सांगितली.

"आणि खांदा?" कुलगुरूंनी विचारलं.

नाव तिच्या ओठांवर आलं होतं. लिकोंग्वे तिच्याकडेच बघत होते.

"माझी आई," ती म्हणाली. आईचंही खोटं नव्हतं.

चहाचे कप उचलले गेले आणि सवलतींचा विषय सुरू झाला. चावुला सरांचं नाव निघालं तेव्हा ती उभी राहिली आणि सगळं सांगितलं. पाळी कोणाची होती, कोण गेलं, चार वर्षं कोणी तास घेतले. सांगताना तिचा आवाज चढला.

कुलगुरूंनी ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "बाई, अर्ध्या तासापूर्वी मी तुम्हाला हेच विचारलं होतं. तेव्हा तुम्हाला आई आठवली."

"मुद्दामच नाही सांगितलं, सर. तुम्हाला वाटलं असतं की..."

"की चावुला तुमच्याकडचे आहेत? तेच आता वाटतंय."

"जुनी माणसं आहेत विभागात, विचारा त्यांना."

"उत्तरेची ना तीही?" लिकोंग्वे खाली बघत पुटपुटले. कोणी हसलं नाही.

"मला हे पटत नाही," कुलगुरू म्हणाले. "पुढचं नाव घ्या."

ती बाहेर पडली तेव्हा सर तळमजल्यावरच्या खोलीत शिकाऊ शिक्षकांना सांगत होते. "मुलाचा हात धरून अक्षर गिरवायचं, पण आपण जोर लावायचा नाही. जोर त्याचाच असला पाहिजे. आपला हात फक्त सोबतीला." ती दाराशी थांबून राहिली. एका थोराड मुलानं शेजारणीचा हात इतका घट्ट धरला की खडूच मोडला. सगळा वर्ग खिदळला. सरही हसले. मग ती त्यांना दिसली आणि ते बाहेर आले.

तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी निकाल विचारलाच नाही.

"घर कधी सोडायचं?"

"वर्ष संपलं की."

त्यांनी बोटांवरची खडूची भुकटी पुसली. "माझं नाव आधी काढलं नाहीस ना?"

"नाही काढलं."

"मग हरकत नाही. निदान तुझ्यावर तरी शिंतोडे नकोत."

नाव आधी काढलं नाही, हेच नकाराचं कारण झालं, हे तिला सांगायचं होतं. तिनं तोंड उघडलं, आणि सरांचा चेहरा पाहून मिटलं. आपला सल्ला बरोबर ठरला, एवढंच समाधान त्यांच्यापाशी उरलं होतं. ते तरी कशाला काढून घ्यायचं?

"नाही, सर," ती म्हणाली. "माझ्यावर काही आलं नाही."

"बरं झालं," म्हणत ते वर्गात परत गेले. मोडलेल्या खडूचा तुकडा उचलून त्यांनी त्या थोराड मुलाच्या हातात दिला.