नळाच्या पाण्याचा पापुद्रा

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या बेसिनपाशी जाळीवर उलटी वाळत घातलेली जाड काचेची नळी दिसते ना, ती मी. काठाचा टवका उडालेला, अंगावरचे आकडे पुसट झालेले. मी खलबत्त्याची लांबची बहीण. माझ्यात आणि माझ्या दट्ट्यात जेमतेम केसाएवढी फट आहे. बर्फात बसून यकृताचे तुकडे हळुवार रगडायचे, पेशी फोडायच्या, पण त्यांच्यातल्या तंतुकणिकांना धक्का लागू द्यायचा नाही, हे माझं काम. एके काळी सगळे मलाच मागायचे. पुढे नव्या नळ्या आल्या आणि मी कपाटात मागे सरकले.

मला पुन्हा पुढे काढलं ते इथे संशोधन करणाऱ्या ताईंनी. त्या नुकत्याच बाळंतपणाच्या रजेवरून परतल्या होत्या.

तंतुकणिका म्हणजे पेशीतल्या चुली. त्यांना थोडं कॅल्शियम लागतं, अति झालं की त्या फुगून फुटतात. बराच वेळ पोटात काही नसलं की ग्लुकागॉन नावाचं संप्रेरक यकृताला निरोप धाडतं. तो निरोप मिळालेल्या यकृतातल्या तंतुकणिका कॅल्शियम जास्त वेळ धरून ठेवतात का, एवढंच ताईंना दाखवायचं होतं.

पण एक दिवस त्या धरून ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी लगेच सोडून द्यायच्या. प्रयोगशाळेच्या मोठ्या सरांनी ताईंची वही चाळली आणि विचारलं, "तुझ्या तंतुकणिका रुसतात की काय? शुक्रवारपर्यंत काही ठरलं नाही, तर शोधनिबंधातला संप्रेरकाचा भाग गाळू."

म्हणजे रजेआधीचं आणि नंतरचं मिळून ताईंचं वर्षभराचं काम गाळलं जाणार होतं.

त्या दिवशी ताईंनी मला उजेडाकडे धरलं. बाळाची बाटली धरतात तशी, एक डोळा मिटून. तळाशी पांढुरका पापुद्रा होता. तसाच पापुद्रा घरी बाटलीवर धरायचा, आणि तो नळाच्या जड पाण्याचा असतो हे त्यांना पाठ होतं. जड पाणी म्हणजे कॅल्शियमच की!

त्यांनी वही उघडली. समासात त्यांच्याच अक्षरात कुठे 'लस', कुठे 'ताप' लिहिलेलं. त्या त्या दिवशी बाळाला सांभाळणाऱ्या सासूबाईंचा फोन यायचा, ताई घाईने मला नळाखाली धुऊन पळायच्या, क्षार नसलेल्या ऊर्ध्वपातित पाण्याने विसळायचं राहून जायचं. आणि नेमकं दुसऱ्या दिवशीचं रीडिंग बिघडलेलं असायचं.

हे कुणालाच कळलं नसतं. बिघडलेली तेवढी खोडता आली असती. मी जाळीवरून बघत होते, मला धाकधूक होती.

ताई वही घेऊन सरांच्या टेबलापाशी गेल्या. "चूक माझी आहे, सर. नळी मी नळाच्या पाण्याने धुतली. सगळे प्रयोग पुन्हा करते."

"सोळापैकी बिघडलेले आठच ना?"

"नाही, सगळे सोळा. चांगली आलेली रीडिंग तेवढी ठेवली, तर मनाजोगती निवडली असं होईल."

सरांनी वही मिटली. "आणि बाळ?"

"बाळाला आजी आहे. याला मीच आहे."

सरांनी कॅलेंडरवरचा शुक्रवार खोडला आणि सहा आठवडे पुढची तारीख लिहिली.

मला पातळ आम्लात भिजत घातलं, पापुद्रा गेला. मग रोज बर्फ, रोज तेच रगडणं. बाळाला दात येत होते, ताईंचे डोळे सुजलेले असायचे, पण एक दिवसही त्यांनी चुकवला नाही. सोळाही वेळा निरोप मिळालेल्या तंतुकणिकांनीच कॅल्शियम जास्त वेळ धरून ठेवलं.

शेवटच्या दिवशी मला धुताना फोन वाजला. तरी ताईंनी मला ऊर्ध्वपातित पाण्याने विसळलं, एकदा, दोनदा, तीनदा, उजेडाकडे धरून पाहिलं, आणि मगच फोन उचलला. बाळ पहिल्यांदा उभं राहिलं होतं.

मित्रांनो, घाई तुम्हालाही होईल, आणि ती खऱ्या कारणासाठीच असेल. तरी माझ्यासारखीला जाळीवर ठेवण्याआधी एकदा उजेडाकडे धरा. उद्याचं काम तिच्यातच व्हायचं असतं.