कांताबाईंनी उचललेलं पान

“अवो जावईबापू, ओरडू नोका! पोरीचा हात हालते,” सासूबाईंनी दोरीपलीकडून मला दटावलं.

मी कसला गप्प बसतो! मी अंकुश, इतवारी बाजारात भांड्यांचं दुकान चालवणारा माणूस. माझं सगळं आयुष्य ठणठणाटात गेलेलं. आणि समोर माझी बायको जयवंता, आमच्या मैदानावरून निघालेली पहिली व्यावसायिक महिला गोल्फर, शेवटच्या होलपाशी उभी! चेंडू होलभोवतीच्या हिरवळीच्या कडेला, उंच गवतात. दोन फटक्यांत आत गेला तर परदेशी दौऱ्याचं कार्ड, म्हणजे तिकडच्या स्पर्धा खेळायचा परवाना, तिचं. तीन लागले तर घरी. वय छत्तीस. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणायचं हे वय नव्हे.

ती खेळायला लागली तेव्हा स्पर्धेत बायकांना कपडे बदलायला खोलीसुद्धा नसायची. बाई काय चेंडू मारून पोट भरणार, म्हणून वस्तीनं पोटभर हसून घेतलं. एकट्या सासूबाई, कांताबाई, हसल्या नाहीत. याच मैदानावर झाडू मारून त्यांनी लेक वाढवली आणि स्टिकची बॅग वाहणारा कॅडी परवडेना तेव्हा ती बॅगही स्वतःच खांद्यावर घेतली. आजही कॅडी त्याच; पदर खोचलेला, पायात लेकीचे जुने बूट.

जयवंता पुढे जाऊन उतार बघत होती. चेंडूला लागून पळसाचं वाळलं पान पडलं होतं. सासूबाईंनी ते चटकन उचललं. उभा जन्म पानं उचलण्यात गेलेला, हात थांबतो थोडाच! पान उचलायला नियमाची हरकत नव्हती, पण चेंडू हलला. जरासाच. ते त्यांच्याशिवाय कुणालाही दिसलं नाही, मलाही नाही.

“साहेब, इकडे या,” त्यांनी पंचांना हाक मारली. “माह्या हातानं बॉल हालला.”

अहो, कोण बघत होतं!

जयवंता धावत आली. “खरंच हालला काय वं माय?”

“हालला बाई. मले दिसला ना.”

पंचांनी चेंडू होता तिथे ठेवायला लावला आणि एका फटक्याचा दंड दिला; कॅडीची चूक ती खेळाडूचीच चूक. म्हणजे आता एकाच फटक्यात आत!

“मी घात केला वं तुहा,” सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

“काहून रडून राहिली? होल तं तिथंच हाय ना? स्टिक दे मले.”

तिनं मारला. चेंडू उडाला, हिरवळीवर टेकला, उताराला लागला आणि थेट होलकडे वळला! माणसं उभी राहिली. मी तर दोरीवरच चढलो. “जाय गा! जाय लेका आत!”

होलच्या काठावर येऊन तो थांबला. तिनं वाट पाहिली, आम्ही सगळ्यांनी पाहिली. वारा आला असता तर पडला असता. वारा आला नाही. मग तिनं हलकेच तो आत ढकलला. दंड धरून तीन फटके, कार्ड गेलं, आणि मला भर लोकांत रडू कोसळलं.

खेळ संपला की टोपी काढून हात मिळवायचा, हा या खेळाचा रिवाज. जयवंतानं आधी सोबतच्या खेळाडूशी हात मिळवला, मग पंचांशी. सासूबाई मान खाली घालून बॅगेची चेन लावत बसल्या होत्या. ती त्यांच्यासमोर गेली, टोपी काढली आणि हात पुढे केला.

सासूबाई उठल्या. तळहात लुगड्याला नीट पुसला आणि मग हात दिला.