वर्गात न आलेली बाई

वर्गात न येणाऱ्या विद्यार्थ्यांशी प्रोफेसर एर्मेते झांबोन यांचं जुनं वाकडं. इटलीतल्या त्यांच्या विद्यापीठात हजेरीची सक्ती नव्हती. दोन पुस्तकं जादा वाचून थेट तोंडी परीक्षेला बसता येई. झांबोन म्हणत, "इतिहास कानानं शिकायचा असतो."

जूनमध्ये ओर्नेल्ला ब्रागातो त्यांच्यासमोर बसली. चाळिशीची बाई, रोविगोजवळ बेकरी चालवणारी. मागच्या बाकांवर पोरं पाळीची वाट बघत ऐकत होती.

"तुम्हाला वर्गात कधी पाहिलं नाही, बाई."

"सकाळी भट्टी असते, सर. पण पुस्तकं सगळी वाचली."

"मग सांगा, मध्ययुगात आपल्या शहरात नवरा वारल्यावर बायकोला त्याची बेकरी चालवता यायची?"

"यायची."

मागं खसखस पिकली. 'यायची नाही' असं झांबोन सतरा वर्षं शिकवत आले होते. त्यावर त्यांचा ठेवणीतला विनोदही होता.

"पाव भाजणं वेगळं आणि इतिहास वेगळा. सप्टेंबरात पुन्हा परीक्षेला या."

"सर, तुमच्याच पुस्तकात, शेवटी, मूळ नियम—"

"पुढचा!"

ती लालबुंद होऊन उठली.

दुपारी त्यांनी पुस्तक उघडलं. परिशिष्टात नियम होता: विधवेनं पुन्हा लग्न करेपर्यंत भट्टी चालवावी. तिशीत असताना त्यांनीच तो दप्तरखान्यात बसून उतरवला होता. पुढे विनोद जमावा म्हणून वर्गात तो नियम कधी उलटा झाला, त्यांनाही आठवेना. 'कुणाला कळणार आहे?' हा विचार मनात आला आणि त्याचीच त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली.

दोन दिवसांनी ते बसनं तिच्या बेकरीत गेले. गिऱ्हाइकं उभी होती.

"तुमचं बरोबर होतं, बाई. मी चुकलो."

तिनं पाव कागदात गुंडाळून एका म्हातारीच्या हातात दिला. मग म्हणाली, "हे इथं कशाला सांगता, सर? इथं मला कुणी हसलं नव्हतं."



पुढच्या परीक्षेला त्यांनी तिला बोलावलं. बेकरी बंद ठेवून ती आली. तिचे हक्काचे तीसपैकी तीस गुण लिहून ते उभे राहिले आणि भरल्या खोलीत सगळं सांगितलं, विनोदासकट. कुणी हसलं नाही.

एका मुलीनं हात वर केला. "सर, मग परीक्षेत आम्ही काय सांगायचं?"

ओर्नेल्लानं मान खाली घातली. झांबोन यांचे कान तापले. "माझ्यावर विसंबू नका," ते पुटपुटले. "स्वतः वाचा."

पोरांनी वह्या काढल्या आणि ते वाक्यही उतरवून घेतलं.