बॅप्टिस्टच्या विहिरीचं पाणी

लग्न उद्यावर आलेलं आणि माझ्या बहिणीच्या मुलीने, जीनाने, सांगितलं की आमच्या विहिरीत बॅक्टेरिया आहेत. विरारच्या लॅबमध्ये कामाला आहे ना ती, पाणी स्वयंपाकाला चालेल का बघायला बाटली भरून नेली होती. नसते उपद्व्याप सांगितलेत कोणी?

आमच्या सांडोरला लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीचं पाणी आणून नवरीला न्हाऊ घालतात. ही विहीर माझ्या नवऱ्याने, बॅप्टिस्टने, स्वतः आत उतरून खणली. लेकीच्या लग्नाला तो राहिला नाही. निदान त्याचं पाणी तरी एलिनाच्या डोक्यावर पडू दे, एवढंच माझं मागणं होतं.

"फादरांनी आशीर्वाद दिलेल्या विहिरीत किडे कुठून आले?"

"किडे नाहीत, मावशी. जिवाणू. एकाच पेशीचे, डोळ्यांना न दिसणारे. गोल ते कॉकस, दांडीसारखे ते बॅसिलस, पिळाचे ते स्पायरिलम. आपल्याकडे दांडीवाले सापडलेत, कोलिफॉर्म."

"झाड की जनावर?"

"दोन्ही नाही."

घ्या. "पण वाईट ना?"

"आतड्यात असतात तेव्हा बहुतेक चांगलेच. विहिरीत सापडले म्हणजे कुठूनतरी घाण झिरपतेय."

"म्हणजे माझ्या पोटात चांगले आणि विहिरीत वाईट?"

"तसंच समज. दह्यातही जिवाणू असतात, पण ते वेगळे."

माझं डोकं गरगरायला लागलं. या पोरीला धड एक बाजू धरता येईना.

"मम्मी, मला नळाचं पाणी चालेल," एलिना माझ्याकडे न बघता म्हणाली. तेव्हा मात्र मला रडूच कोसळलं, रागाने आणि कशाकशाने.

जीना वरमली. "उकळून घेऊ ना. खळखळून उकळलं की मरतात सगळे."

मग बँड वाजवत पाणी आणलं आणि हंडा चुलीवर चढवला. पाहुणे ताटकळले, बँडवाले परत चहा मागायला लागले. पाणी उकळून निवेपर्यंत मी हंड्यातच बघत बसले. आधी काही दिसत नव्हतं, आताही दिसेना.

"मेले म्हणतेस, मग गेले कुठे?" मी जीनाला विचारलं.

"जातील कुठे, मावशी? पाण्यातच आहेत."

सकाळपासून ती जे जे बोलली, त्यातलं एवढंच मला कळलं. मी तांब्या बुडवला आणि एलिनाच्या डोक्यावर ओतला.

"पप्पा आला गं तुझा," मी म्हटलं.