पहारेकऱ्याचा गुरू कोण?

सरकारी दाखला काढायला बसावं आणि संगणकानं आधी आपल्यालाच कामाला लावावं, हा अनुभव जॉन्जू शहरात कुणाला नाही? आधी कळफलकाचं रक्षण करणारा 'रक्षक' प्रोग्राम बसवा, मग सहीचा, मग आणखी कसला तरी. म्योंगसुकबाई वर्षानुवर्षं डोळे मिटून 'होय' दाबत आल्या होत्या. 'नाही' म्हटलं की काम अडतं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बाई पान्सोरी शिकवत, म्हणजे ढोलाच्या साथीवर गोष्ट गाऊन सांगायची कला. त्यांच्या दिवंगत गुरूंच्या आवाजातली सगळी गाणी बाईंच्या संगणकात होती, दुसरीकडे कुठेही नाहीत. गुरूंच्या स्मृतिदिनाला सभागृह मिळवायचं, तर दाखला हवा. बाईंनी दाखल्याचं संकेतस्थळ शोधलं आणि सर्वांत वर दिसलं ते उघडलं. 'सुरक्षा अपुरी आहे. रक्षक बसवा.' होय. 'पुन्हा बसवा.' होय! मग लाल चौकट आली: 'संगणकात विषाणू आहे. साफ करू?'

बाई गांगरल्या. आत्ताच तर रक्षक बसवला, मग विषाणू शिरला कुठून? की विषाणूच रक्षक म्हणून मिरवतोय? डोक्याचा पार भुगा झाला. सवयीनं बोट पुन्हा 'होय'वर पडलं, आणि गाण्यांची नावं एकेक करून बदलू लागली!

त्यांनी धाकट्या बहिणीला फोन लावला. छेओक शाळेत संगणक शिकवून निवृत्त झाली होती.

"ताई, आधी बंद कर ते! मी आलेच."

आल्या आल्या तिनं डिस्क काढून स्वतःच्या संगणकावर तपासली.

"अर्धी गाणी गेली, ताई. त्यांना कुलूप लागलंय नि किल्ली चोराकडे."

"अगं, पण तो रक्षक होता! तसं लिहिलं होतं."

"ते संकेतस्थळच खोटं होतं, लिहायला काय जातंय! तुझ्याकडे नवा शिष्य आला, की पहिलं काय विचारतेस?"

"कुणाकडे शिकलास?"

"आणि गुरूचं नाव सांगता आलं नाही तर?"

"ढोलाला हात लावू देत नाही मी."

"मग याला विचारलंस?"

बाईंना रडू कोसळलं. "पण खरे रक्षकसुद्धा असंच 'होय' म्हणायला लावतात. मी ओळखायचं कसं?"

"त्यांनीच तर आपल्याला ही खोड लावली. म्हणून सरकारी संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करायचा. तिथून मागितलं तरच बसवायचं, काम झालं की काढून टाकायचं. संगणकाची स्वतःची दुरुस्ती, म्हणजे अपडेट, मात्र टाळायची नाही. आणि ज्यात जीव अडकलाय त्याची प्रत वेगळ्या डिस्कवर, तार काढून कपाटात. कळलं?"

स्मृतिदिनाला बाईंनी हरवलेली गाणी स्वतः गायली. एका गाण्यातल्या दोन ओळी काही केल्या आठवल्या नाहीत. तिथं नुसता ढोल वाजला.

मित्रहो, संगणकात येणाऱ्याला आधी विचारा, तुला कुणी पाठवलं? उत्तर मिळेपर्यंत 'होय' म्हणू नका. आता बाईंच्या पडद्यावर चौकट आली, की त्या मोठ्यानं विचारतात, "कुणाकडे शिकलास रे?" चौकट काही बोलत नाही, आणि बाई ती बंद करतात.